चारशे सतरा नंबरची वाटी

आमच्या म्हाताऱ्यांना पदार्थांना गुण द्यायला लावू नका, सगळी मेहनत फुकट जाईल, हे मी डॉक्टर होल्मबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एक ते नऊ असे गुण. एक म्हणजे तोंडात धरवत नाही, नऊ म्हणजे आणखी वाढा. आकड्यांच्या वर रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांची चित्रंही छापलेली होती. ज्यांनी ऐंशी वर्षं मासा खाल्ला, त्यांना तोंड कधी वाकडं करायचं ते चित्रांवरून शिकवायचं होतं.

"फुकट का जाईल?" बाईंनी विचारलं.

"कारण ते सगळ्यालाच नऊ देतील."

"इतकं आवडेल त्यांना?" बाई केवढ्या खूश झाल्या!

मी कपाळाला हात लावला. होल्मबाई मिनेसोटाच्या. हुशार, मनानं चांगल्या, पण त्यांना पार उत्तरेला कोडियाकला येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. आमच्या बेटावर कोणी हातात वाटी दिली की तिला नावं ठेवत नाहीत. मासा आपण होऊन जाळ्यात आलेला असतो, बेरी आपण होऊन पिकलेली असते. त्यांना वाईट म्हटलेलं त्यांच्या कानावर जातं, आणि पुढच्या वर्षी नदी रिकामी राहते. हे कोणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. माझंच बघा, सिॲटलला वीस वर्षं राहून आले तरी हॉटेलात बिघडलेलं कालवण निमूट संपवून वर 'छान होतं' म्हणून येते.

"बघू या तर खरं," बाई म्हणाल्या.

आमची प्रयोगशाळा धक्क्याला लागून आहे. बेटावरचे मासे, शेवाळं, रानातल्या बेऱ्या यांच्यात काय आहे, ते किती टिकतं, कशानं बिघडतं, हे आम्ही तपासतो. अकरा वर्षं मी तिथे नमुने वाटते, गाळते, मोजते. त्या वर्षीचं काम मात्र माझ्या जिवाचं होतं. गावातल्या वृद्धाश्रमात आमचे म्हातारे चिकन आणि पास्ता खाऊन दिवस काढत होते, कारण घरी केलेला पदार्थ आत न्यायला बंदी होती. कुठल्याशा गावात खराब गाबोळी खाऊन माणसं आजारी पडली, तेव्हापासूनचा नियम. आम्ही पदार्थ आधी तपासायचा, तो बाधत नाही असं लिहून द्यायचं, मग म्हाताऱ्यांना चाखायला देऊन त्यांना रुचतो का ते बघायचं, आणि मगच आश्रमाचं स्वयंपाकघर तो ताटात वाढणार.

आणि त्या आश्रमात, समुद्राकडच्या खिडकीशी, माझी आई होती.

आई म्हणजे मात्रोना. वय अठ्ठ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी बेटाच्या दक्षिण टोकाला आमच्या मूळ गावात बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. तिथे डॉक्टर नाही. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, एकेचाळीस पायऱ्या चढून. तिला आश्रमात ठेवताना मी म्हटलं होतं, "आना, थोडेच दिवस हं." आमच्याकडे आईला आना म्हणतात. ती म्हणाली होती, "जागा छान आहे." तिच्या समोरच्या खुर्चीवर आमच्याच गावचा सेनाफोंत बसायचा. त्याला सगळे आपा म्हणायचे, म्हणजे आजोबा. पूर्वीचा कोळी. आता हात थरथरत होते, पण जीभ जाग्यावर होती.

पहिला पदार्थ ठरला अकुताक. उकडलेला सॅमन काटे काढून घट्ट पिळायचा, चरबीबरोबर हलका होईतो फेटायचा, मग त्यात साखर, मूठभर गाबोळी आणि सॅमनबेऱ्या नावाची रानफळं घालायची. घरोघरी वेगळा होतो. चाचणीला तीन प्रकार ठेवले. दोनशे शहाऐंशी नंबर मासळीच्या कारखान्यातल्या आचाऱ्यानं यंत्रावर केलेला, लोण्यासारखा. चारशे सतरा नंबर माझा, हातानं केलेला. आणि सहाशे दोन नंबर मुद्दाम जुन्या, खवट चरबीत केलेला. बाधायचा नाही, पण चव अशी की मांजरानं पाठ फिरवावी. चाखणारा खरं बोलतोय की नाही ते कळावं म्हणून असा एक ठेवतात.

माझ्या हातच्या अकुताकबद्दल मला घमेंड नव्हती. आईनं ती येऊच दिली नव्हती. माझ्या लहानपणी दुसऱ्याच्या घरचं काहीही ती डोळे मिटून 'छान, छान' म्हणत खायची, आणि मी वाटी पुढे केली की पहिला घास गिळायच्या आत सुरू. "पाणी पिळलं नाहीस. हात मोडलेत का? बेऱ्या हिरव्या घातल्यास, धीर नाही तुला." मला आंबट आवडायच्या म्हणून मी थोड्या कच्च्या बेऱ्या घालायचे, आणि पिळण्याचा मला कंटाळा. पन्नाशी उलटली तरी दोन्ही खोडी गेल्या नाहीत. एकदा चिडून मी तिला म्हटलं होतं, "जगाला गोड बोलतेस, एक मीच बरी सापडते तुला!" तिनं माझ्याकडे बघितलं, आणि "पुन्हा पिळ, परत कर" म्हणून वाटी माझ्या हातात दिली.

चाखणी मे महिन्यात झाली. ज्यानं पदार्थ केला त्यानं तिथे थांबायचं नाही असा नियम, म्हणून मी गेले नाही. अकरा म्हातारे, प्रत्येकाला एक क्रमांक, नावं बंद पाकिटात, पाकीट बाईंच्या कपाटात. चाखण्याबद्दल बाहेर, विशेषतः प्रयोगशाळेतल्या कोणाशी, एक अक्षर बोलायचं नाही, अशी प्रत्येकानं सही केली होती.

संध्याकाळी होल्मबाई डोकं धरून बसल्या होत्या.

"फेव्रोनिया, सहाशे दोनला सुद्धा नऊ! त्या खवट लगद्याला! एकानं खाली लिहिलंय, 'करणाऱ्या हातांना सुख लाभो.'"

"मी सांगितलं होतं."

"पण हे बघ." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आकड्यांचा नुसता रकाना. बत्तीस ठिकाणी नऊ. आणि एका ठिकाणी तीन. "एक तरी माणूस खरं बोलणारं निघालं. सहाव्या क्रमांकानं चारशे सतराला तीन दिलेत. खाली काहीतरी खरडलंय, पण अक्षर कोणाला लागत नाही, ते सोडून दिलं."

बेटावरच्या माणसाची जीभ तीनपर्यंत खाली आली, म्हणजे पदार्थ किती वाईट असेल! मी मोठ्या शहाण्यासारखी म्हणाले, "मग माझा काढा. दोनशे शहाऐंशी पुढे पाठवा."

"तुला वाईट नाही ना वाटलं?"

"विज्ञानात काय वाईट वाटायचं," मी म्हणाले. तो कागद माझ्यासमोरच्या खोक्यात पडलेला होता. हात पुढे केला असता तर पुरे होतं. पण मी रुसले होते. आपल्याला नापास करणाऱ्याचं अक्षर कोण बघायला जातंय!

जूनअखेर दोनशे शहाऐंशी मंजूर झाला आणि जुलैपासून दर मंगळवारी आश्रमात अकुताक वाढायला लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात माझी आई मधोमध, हातात वाटी, हसते आहे. तो फोटो मी प्रयोगशाळेच्या फ्रीजला चिकटवला. येता-जाता बघायचे आणि वाटायचं, चला, माझा नाही तर नाही, तिच्या पोटात आपल्या नदीचा मासा तरी गेला.

आई मात्र उतरत चालली होती. बोटातली अंगठी दोरा गुंडाळून बसवावी लागली. मी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तेरेसिताला गाठलं. ती मूळची फिलिपिन्सची, तोंडानं फटकळ पण आश्रमातल्या प्रत्येक म्हाताऱ्याची आई.

"जेवते की नाही ती?"

"तुझी आई? ताट धुतल्यासारखं परत येतं! मंगळवारची वाटी तर बोटानं पुसलेली असते. असे पाच असते ना, तर मला कचऱ्याचा डबाच लागला नसता."

"मग वजन का उतरतंय?"

"वय ग. माझी आजी पण अशीच वाळत गेली."

डॉक्टरही तेच म्हणाले. वय.

जुलैच्या मधल्या एका दुपारी मी गेले तेव्हा आई खिडकीतून टेकडीकडे बघत होती. उतारावर सॅमनबेऱ्यांची झुडपं लाल-केशरी झाली होती.

"पिकल्या," ती म्हणाली.

"हो. यंदा खूप आहेत."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा तू करणार नाहीस का?"

आमच्याकडे खायचं मागत नाहीत. जन्मात आईनं कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. हे मागणं आहे हे मला कळायला हवं होतं.

"माझं बंद झालं, आना. लोकांना आवडलं नाही."

"लोकांना?" तिनं मान वळवली. "कोणत्या लोकांना?"

"असतात ग. जाऊ दे. मंगळवारी मिळतं ना तुला? ते जास्त चांगलं आहे. गुठळी नाही, पाणी नाही."

"एक वाटी," ती हळूच म्हणाली. "पिशवीत घालून. कोणाला दिसणार नाही."

"आना! हा नियम पाळायचा म्हणून कागद मी स्वतः लिहिलाय. मीच चोरून आणलं तर उद्या बाकीच्यांनी काय करायचं? आणि चांगलं मिळतंय की आता. का, आवडत नाही का ते तुला?"

मी हे विचारलं. त्या बत्तीस नऊंची किंमत शून्य आहे असं जी मी सगळ्यांना सांगत फिरले होते, त्याच मी माझ्या आईला तिच्या ताटातलं आवडतं का म्हणून विचारलं.

"छान असतं," आई म्हणाली. "खूप छान असतं."

"मग झालं तर," मी म्हणाले, आणि तिच्या कपाळाचा पापा घेऊन कामाला गेले. घाई होती. भट्टीत नमुने होते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती गेली. आजारी अशी नव्हती. सकाळी तेरेसिता चहा घेऊन गेली तर खुर्चीतच मान कलती झालेली. उचलून घेणारा माणूस मला नंतर म्हणाला की काहीच वजन नव्हतं. त्याला वाटलं असेल, हे ऐकून मला बरं वाटेल.

माती दिल्यावर नवव्या दिवशी मी तिची खोली रिकामी करायला गेले. दोन झगे, एक देवाची तसबीर, लोकरीचे मोजे. सेनाफोंत दारात खुर्ची लावून बसला होता. मला वाटलं मदतीला आलाय.

"पोरी," तो म्हणाला, "ती गेली, आता सहीचं काय? बोललं तर चालतं का?"

"कसली सही, आपा?"

"ती वाट्यांची. मे महिन्यातली. बाहेर बोलणार नाही म्हणून सही केली होती आम्ही. मात्रोनानं बजावलं होतं, सेनाफोंत, तू लेकीला बोलशील, तुझं तोंड म्हणजे फुटकी होडी. म्हणून गप्प बसलो."

"बोला ना. आता कोणाला काय."

तो हसायला लागला. "अग, काय धमाल उडवली तिनं त्या दिवशी! तीन वाट्या पुढ्यात. पहिली खाल्ली, नऊ. तिसरी खाल्ली. ती तिसरी, पोरी, बोलू नये, पण आमच्या कुत्र्याला... जाऊ दे. तिलाही नऊ. आणि मधली तोंडात घातली आणि थांबलीच. चमचा खाली ठेवला, डोळे पुसले. मी म्हटलं, काय झालं ग? म्हणाली, 'ही माझ्या फेव्राची आहे. अजून पिळत नाही मेली.' आणि पेन्सिल घेऊन हा एवढा मोठा तीन काढला! खाली लिहिलं पण. वाट्या देणाऱ्या बाई म्हणाल्या, एवढं वाईट लागलं का? तर म्हणाली, हो, हो, वाईट आहे. आणि सगळी वाटी खाल्ली. दिवसभर हसत होती. परक्याच्या अन्नाला चांगलं म्हणावं लागतं, ती म्हणाली, आपल्या घरच्याला तरी बोलता येतं की. किती वर्षांनी बोलायला मिळालं!"

मी पलंगावर बसले. हातात एक मोजा होता.

"मग जुलैत ती वाटी आली नाही," सेनाफोंतचा आवाज खाली गेला. "ते गुळगुळीत आलं. ती वाट बघायची, पुढच्या मंगळवारी येईल. मग एकदा तू येऊन गेलीस आणि नंतर म्हणाली, 'पोरीच्या मनाला लागलं, सेनाफोंत. मी तीन दिले म्हणून तिनं करायचंच सोडलं. इतकं लिहायला नको होतं मी.'"

"असं म्हणाली?"

"दोन-तीनदा म्हणाली."

"आपा, आणि मंगळवारची वाटी? ती पुसून परत जायची. ताट पण."

सेनाफोंतनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"टाकायचं नाही म्हणून ताट, वाटी, सगळं माझ्याकडे सरकवायची, पोरी. खा म्हणायची. रोज. मी म्हणायचो तू खा, तर म्हणायची माझं झालं. दिलेलं अन्न नको कसं म्हणायचं? सांग ना. नको म्हणता येतं का?"

"नाही, आपा," मी म्हणाले. "नाही म्हणता येत." मला त्याचा राग आला नाही. त्याचं पोट सदऱ्याच्या गुंड्यांत मावत नव्हतं, माझ्यासमोर होतं, उन्हाळाभर होतं. मी ते बघून चेष्टा सुद्धा केली होती.

तशीच प्रयोगशाळेत गेले. होल्मबाई काही विचारत होत्या, मी थांबले नाही. खोकं काढलं, सहाव्या क्रमांकाचा कागद काढला. अक्षर कोणाला लागलं नव्हतं, कारण ते आमच्या भाषेत आणि रशियन लिपीत होतं, बेटावर पूर्वी रशियनांचं राज्य होतं तेव्हापासूनच्या. आईला चर्चमध्ये पोथी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तेवढीच लिपी शिकवली होती, आणि तिनं ती मला शिकवली होती. अख्ख्या इमारतीत ते वाचू शकणारी मी एकटी, आणि चार महिने माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर ते पडून होतं.

'पाणी पिळलं नाहीस. बेऱ्या कच्च्या. परत कर.'

"वाईट आहे का काही?" बाईंनी मागून विचारलं. "काय लिहिलंय?"

मला बोलता येईना. मी कागद छातीशी धरला आणि लहान पोरीसारखी मोठ्यानं रडले. बाई घाबरून पाणी आणायला धावल्या. त्यांना मी पुढे सगळं सांगितलं. त्यांनी अहवालाला एक पान जोडलं, चारशे सतरा नंबर पुन्हा तपासाला घेतला, पुढच्या वसंतात तो ताटात येईल असं त्या म्हणतात. चांगलं आहे. येऊ दे.

चाळिसाव्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण घालतात. मी अकुताक करायला घेतलं. मोठं पातेलं, सत्तर माणसांचं. मासा उकडला, एकेक काटा काढला, आणि पिळायला पहिला गोळा मुठीत घेतला. मग तो तसाच सोडून दिला. एकही गोळा पिळला नाही. गोठवलेल्या बेऱ्यांच्या पिशव्यांतून हिरव्या-हिरव्या निवडून वर घातल्या. पदार्थ बिघडवायचा म्हणून नव्हे. मला वाटलं, एवढ्या माणसांत कोणीतरी म्हणेल. कोणीतरी चमचा खाली ठेवेल.

वाट्या फिरल्या. पाद्रीबाबांच्या बायकोनं दुसऱ्यांदा घेतलं. तेरेसिता म्हणाली, "अग, हे तर स्वर्ग आहे!" होल्मबाई डोक्याला रुमाल बांधून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मला हेच जास्त आवडलं, खरंच." सगळं गाव, सगळी दूरच्या नात्यातली, येऊन माझे हात हातात घेत होती आणि छान झालंय म्हणत होती.

शेवटी मी सेनाफोंतच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसले. त्याची वाटी अर्धी झाली होती.

"आपा, खरं सांगा. कसं झालंय?"

त्यानं वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं मी काय मागतेय ते. तो आमच्या घरचा असता तर किती बरं झालं असतं.

"छान झालंय, पोरी," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "खूप छान झालंय."

लोक गेल्यावर मी वाट्या गोळा केल्या. सत्तरच्या सत्तर रिकाम्या. फक्त प्रत्येकीच्या तळाशी माशाचं न पिळलेलं पाणी साचलं होतं, चमचाभर. ते प्रत्येकाला दिसलं होतं, आणि कोणीही मला काही बोललं नाही.